ओंजळभर पाणी आणि मंडळीचे रजिस्टर

विदर्भात पाण्यावरून भांडण म्हटले की कालव्याची पाळी, धरणाचा सांडवा किंवा शेजाऱ्याने बोअर मारल्यामुळे आटलेली आपली विहीर डोळ्यांसमोर येते. गेली काही वर्षे आमच्या भागातील ख्रिस्ती घरांत जे भांडण चालू आहे ते याहून पुष्कळ कमी पाण्याचे आहे. तान्ह्या बाळाच्या कपाळावर घातलेले ओंजळभर पाणी हा खरा बाप्तिस्मा, की जाणत्या वयात तलावात छातीइतक्या पाण्यात उभे राहून पुरते बुडणे हा खरा, या प्रश्नावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या घरची प्रार्थनासभा टाळू लागले आहेत, आणि सोयरीक जुळवताना मुलाच्या शिक्षणाबरोबर त्याचा बाप्तिस्मा कुठला हेही विचारले जाऊ लागले आहे.

गेल्या मे महिन्यात माझ्या चुलतभावाच्या मुलाने गावापासून दूर असलेल्या एका पाटबंधारे तलावात बाप्तिस्मा घेतला. तो चौतीस वर्षांचा आहे. तीन महिन्यांचा असताना आमच्याच मिशनच्या चर्चमध्ये, दगडी कुंडातले पाणी कपाळावर घेऊन त्याचा बाप्तिस्मा झालेला आहे. रजिस्टरमध्ये तशी नोंद आहे आणि साक्षीदार म्हणून माझ्या वडिलांची सही आहे. नव्या संगतीच्या, म्हणजे जाणत्यालाच बाप्तिस्मा देणाऱ्या नव्या प्रार्थनागटाच्या, पास्टरांनी त्याला सांगितले की ज्याला काही कळत नव्हते त्याला दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. चुलतभाऊ आयुष्यभर कास्तकारी केलेला, अबोल माणूस. तो तलावाच्या काठावरही गेला नाही. संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन एवढेच म्हणाला, "मंग पाळकसायबानं तवा थे पानी घातलं होतं, थे का नुसतं तोंड धुवाले होतं काय?" मी त्याला त्या वेळी उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ होते ते उत्तर त्याच्या मुलाच्या पास्टरांपेक्षा आम्हालाच, म्हणजे जुन्या मंडळीलाच (जुन्या चर्चच्या सभासदांनाच), अधिक अडचणीत आणणारे होते.

माझे म्हणणे असे आहे की हा सगळा वाद चुकीच्या जागी चालला आहे. बाप्तिस्मा किती पाण्याने झाला आणि कोणत्या वयात झाला, यावर आपण रात्र-रात्र बोलतो. तो दिल्यानंतर मंडळीने त्या माणसाचे काय केले, हे मात्र कोणी विचारत नाही, कारण या दुसऱ्या प्रश्नाचा जाब बाप्तिस्मा घेणाऱ्याला नव्हे तर देणाऱ्याला द्यावा लागतो.

पाण्याच्या मापाचा प्रश्न आधी उरकून टाकू. बाप्तिस्मा हा शब्द ग्रीक आहे आणि त्याच्या मुळाशी बुडवणे, भिजवणे असा अर्थ आहे, यात शंका नाही. मराठी बायबलने त्याचे भाषांतर न करता तो तसाच ठेवला, आणि मला त्यात शहाणपण दिसते. एकोणिसाव्या शतकात बंगाली बायबलमध्ये 'बुडवणे' असाच अर्थ देणारा शब्द घालण्यावरून बॅप्टिस्ट पंथाचे, म्हणजे जाणत्यालाच बुडवून बाप्तिस्मा देणारे, भाषांतरकार आणि ब्रिटनची बायबल सोसायटी यांच्यात फूट पडली होती. पण शब्दाच्या मुळाशी काय आहे यापेक्षा पहिल्या पिढ्यांनी काय केले हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्याच्या आरंभीचा मानला जाणारा 'डिडाखे' नावाचा एक छोटा ग्रंथ आहे. त्यात सांगितले आहे की बाप्तिस्मा जिवंत, म्हणजे वाहत्या पाण्यात द्यावा. वाहते पाणी नसेल तर दुसऱ्या पाण्यात द्यावा. थंड पाणी मिळत नसेल तर ऊन पाणी चालेल. आणि दोन्ही पुरेसे नसेल तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओतावे. आपणही मराठीत जिवंत झरा म्हणतो, तेव्हा ही भाषा आपल्याला परकी नाही. ज्याने हे लिहिले त्याला कोरड्या मुलुखाची कल्पना होती, असे मला प्रत्येक वेळी वाचताना वाटते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि एप्रिलनंतर टँकरच्या आवाजाकडे कान लागलेले असतात, तिथे पुरेशा पाण्याअभावी कोणाचे तारण अडले असेल, असे मानणारा देव मला तरी बायबलात सापडलेला नाही.

त्याच ग्रंथात त्यापुढे एक वाक्य आहे, जे या वादात कोणी उच्चारत नाही. बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करावा. आणि जो बाप्तिस्मा देणार आहे त्यानेही करावा, व इतरांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनीही करावा. पाण्याच्या बाबतीत इतकी सवलत देणारा लेखक उपासाच्या बाबतीत देणाऱ्याला आणि मंडळीला सोडत नाही. आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी उपास केलेला पाळक मी पाहिलेला नाही. आदल्या दिवशी बोकड मात्र ठरलेला असतो.

वयाचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो मी हलका करू इच्छित नाही. फिलिप्पैच्या बंदिशाळेचा नायक मध्यरात्री आपल्या सगळ्या घरच्यांसह बाप्तिस्मा घेतो, असे बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. त्या घरात तान्ही मुले होती किंवा नव्हती, यांपैकी काहीच लिहिलेले नाही, आणि दोन्ही बाजू त्या मौनातून आपापल्या सोयीचे ऐकतात. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात काही जणांनी बालपणीचा बाप्तिस्मा नाकारून १५२५ मध्ये जाणतेपणी एकमेकांना बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांनी, १५२७ च्या जानेवारीत, त्यांच्यापैकी फेलिक्स मांझ याला त्या शहराच्या प्रॉटेस्टंट नगरसभेने लिम्माट नदीत बुडवून मारले. बाप्तिस्म्याच्या नावाने माणूस बुडवणारे लोकही स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, हे आमच्या बाजूच्या मंडळींनी विसरू नये. लेकराला बाप्तिस्मा देणारे आम्ही म्हणतो की देवाची कृपा माणसाच्या समजुतीची वाट पाहत नाही. जाणत्यालाच देणारे म्हणतात की ज्याने पश्चात्ताप केला नाही त्याने काय म्हणून उतरावे. दोघांच्याही हाती शास्त्राचा आधार आहे. आणि गंमत अशी की या दोघांनी एका घरात नांदावे असे ठरले ते आमच्याच नागपुरात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन आणि मेथडिस्ट परंपरेच्या मंडळ्यांबरोबर बॅप्टिस्ट आणि ब्रेदरन मंडळ्याही तिच्यात आल्या, आणि बालबाप्तिस्मा व विश्वासूंचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये मान्य करण्यात आल्या. जगात असे फार ठिकाणी घडलेले नाही. त्या घटनेपासून आगगाडीने तीन-चार तासांच्या अंतरावर राहणारे आम्ही पन्नास वर्षांनंतरही त्याच प्रश्नावर ताटे वेगळी करतो आहोत.

आता आमच्या बाजूचा दोष. बालबाप्तिस्म्याचा सगळा भार एका वचनावर आहे: आईबाप, धर्ममाता-धर्मपिता आणि उभी राहिलेली सगळी मंडळी कबूल करतात की या मुलाला आम्ही ख्रिस्ताच्या ओळखीत वाढवू. मूल बोलू शकत नाही म्हणून मंडळी त्याच्या वतीने बोलते. म्हणजे मंडळी जामीन राहते. या जामिनाचे आम्ही काय केले ते सांगण्यासारखे नाही. आमच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे नामकरण झाले आहे. पांढरा झगा, केक, मंडप, जेवण, आहेर. धर्मपिता म्हणून जो मुंबई-पुण्याहून येतो तो पुन्हा त्या मुलाच्या लग्नातच दिसतो. पुढे बारा-चौदा वर्षांनी दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यातील वचन मुलाने स्वतः कबूल करण्याच्या, वर्गात दहा आज्ञा पाठ करून घेतल्या जातात, आणि त्यानंतर बहुतेकांना रजिस्टरची आठवण येते ती थेट लग्न ठरल्यावर, दाखला लागतो तेव्हा. माझ्या चुलतभावाच्या मुलाचे असेच झाले. शाळा सुटली, कामासाठी तो बुटीबोरीला गेला, दारूत पडला, परत आला. या काळात त्याच्या जामीनदारांपैकी कोणी त्याच्या दारात गेल्याचे मला माहीत नाही. माझ्या वडिलांची त्या नोंदीवर सही आहे, आणि ते वारल्यावर ती जबाबदारी माझ्याकडे आली असे मला कधी वाटलेसुद्धा नाही. त्याची दारू सोडवली ती नव्या संगतीतील दोन तरुणांनी, जे तीन महिने रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर बसत होते. मग त्याने त्यांच्या तलावात उतरावे, यात नवल ते काय?

तरीही दुसऱ्यांदा दिलेल्या बाप्तिस्म्याला माझा विरोध आहे, आणि तो केवळ जुन्या मंडळीच्या अभिमानातून आलेला नाही. एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा, असे बायबलमधील इफिसकरांच्या पत्रात आहे, आणि त्या 'एकच'वर चर्चने फार मोठी किंमत मोजून आपला निर्णय घेतलेला आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत प्रश्न उठला की छळाच्या काळात ज्या पुढाऱ्यांनी कच खाल्ली त्यांच्या परंपरेतील हातांनी झालेला बाप्तिस्मा खरा कसा मानावा. डोनॅटिस्ट पंथाचे लोक त्यांच्याकडे येणाऱ्यांना पुन्हा बाप्तिस्मा देत. तिथल्याच बिशप ऑगस्टीनने त्यांना दिलेले उत्तर असे की हात कोणाचेही असोत, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्त आहे. म्हणून तो देणाऱ्याच्या नालायकीने रद्द होत नाही. पुन्हा दिलेला बाप्तिस्मा एक गोष्ट सुचवतो: पहिल्या वेळी देवाने दिलेला शब्द माणसांनी पाळला नाही म्हणून तो शब्दच खोटा ठरला. आमच्या निष्काळजीपणाने देवाची सही पुसली जाते, असे मानण्याइतके महत्त्व मी आमच्या निष्काळजीपणाला देणार नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर शिकवत असे की बाप्तिस्मा एकदा होतो पण त्यातील बुडणे रोजचे आहे. आपल्यातला जुना माणूस रोज पश्चात्तापाने बुडवायचा असतो. त्या मुलाने दारू सोडली तो दिवस त्याच्या चौतीस वर्षांपूर्वीच्या बाप्तिस्म्याचाच दिवस होता, असे मी त्याला सांगितले असते. पण असे सांगण्याचा अधिकार त्याच्याबरोबर संध्याकाळी बसणाऱ्यांना होता, मला नव्हता.

बाप्तिस्मा आणि त्याचा अर्थ उमगणे यांत वर्षे जाऊ शकतात, याचा महाराष्ट्रातील सर्वांत प्रामाणिक पुरावा पंडिता रमाबाईंनी ठेवला आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनीच लिहिले की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, आणि तो सापडेपर्यंत आणखी काही वर्षे गेली. त्यांच्यासारख्या विदुषीला, जाणत्या वयात, विचारपूर्वक घेतलेल्या बाप्तिस्म्यानंतर हे म्हणावे लागले. तेव्हा जाणते वय हा समजुतीचा हमखास उपाय आहे, असे तलावाच्या काठावरून सांगणाऱ्यांनीही जरा थांबावे.

थांबण्याबाबतच त्यांच्यावर माझा मुख्य आक्षेप आहे: ते थांबत नाहीत. तिसऱ्या शतकातील रोमच्या चर्चशी ज्याचा संबंध जोडला जातो त्या 'प्रेषितीय परंपरा' या ग्रंथात बाप्तिस्म्याआधी तीन वर्षांच्या शिक्षणाची अपेक्षा आहे, आणि त्या तीन वर्षांनंतर उमेदवाराबद्दल त्याला आणणाऱ्यांना विचारायचे प्रश्न आहेत. त्याला वचने पाठ आहेत का, हा त्यात कळीचा प्रश्न नाही. त्याने विधवांचा मान राखला का, तो आजाऱ्यांना भेटायला गेला का, त्याने सत्कृत्ये केली का, हे विचारायचे आहे. आमच्याकडे तीन दिवसांची सभा होते आणि चौथ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसे तलावावर जातात. एका तरुण पास्टरने मला खाजगीत सांगितले की त्याला दर महिन्याला किती बाप्तिस्मे झाले याचा अहवाल पाठवावा लागतो, आणि आकडा पडला की फोन येतो. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना आपण कोणाकोणाला बाप्तिस्मा दिला ते सांगायला घेतले, क्रिस्प आणि गायस यांची नावे घेतली, मग स्तेफनाच्या घरच्यांची आठवण झाली, आणि पुढे तो मोकळेपणाने लिहितो की आणखी कोणाला दिला असल्यास मला आठवत नाही. ज्या माणसाने अर्ध्या जगाला सुवार्ता सांगितली त्याला आपला आकडा आठवत नव्हता.

या घाईमुळेच बाहेरच्या लोकांना बाप्तिस्मा म्हणजे बाटणे वाटतो. मराठीत हा शब्द दूध, पाणी, सोवळे आणि माणूस या सर्वांना लागतो, आणि आमच्या कानांना त्याची सवय आहे. १९५४ साली जुन्या मध्य प्रदेश सरकारने, ज्याची राजधानी नागपूर होती आणि ज्यात विदर्भ होता, न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली; तिचा अहवाल १९५६ मध्ये आला आणि आमिषाने होणाऱ्या धर्मांतराचा प्रश्न तेव्हापासून विधिमंडळांतून हटलेला नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश व ओरिसाचे कायदे वैध ठरवताना सांगितले की धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. या कायद्यांचा गैरवापर कसा होतो याबद्दल माझी मते आहेत, पण तो या लेखाचा विषय नव्हे. लालूच दाखवून दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्मा नसतो, हे आम्हाला समजण्यासाठी फौजदारी कलम लागू नये, इतकेच मला म्हणायचे आहे.

मात्र 'पोटासाठी बाटले' या टोमण्याबद्दल थोडे सविस्तर बोलणे भाग आहे, कारण तो माझ्या घराला लागू होतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत वऱ्हाडात माणसे रस्त्याच्या कडेला मेली, आणि मिशनच्या अनाथालयांत पोरकी मुले भरली. माझे पणजोबा त्यांपैकी एक. बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्यांच्या वडिलांच्या नावाची जागा कोरी आहे. त्या सात-आठ वर्षांच्या मुलाने ख्रिस्ताबद्दल विचार करून निर्णय घेतला असे म्हणणे हास्यास्पद होईल. त्याला भाकरी मिळाली आणि मग पाणी मिळाले. पण ज्यांनी ते पाणी दिले त्यांनी त्याला वाढवले, अक्षरे शिकवली, सुतारकाम शिकवले, लग्न लावून दिले, आणि म्हातारपणी पुरलेही. कोऱ्या जागेवर कोणाचे नाव लिहिता आले नाही, तरी बापाचे काम कोणीतरी केले. या देण्यामागे गोऱ्या साहेबाचा रुबाब होता, आकड्यांची हाव होती, हेही खरे आहे. तरी बाप्तिस्मा म्हणजे काय, याचे मी पाहिलेल्या सर्व नोंदींतील सर्वांत पूर्ण उत्तर मला त्या संशयास्पद ठरवलेल्या नोंदीत दिसते, आणि केक कापून साजऱ्या झालेल्या आमच्या अलीकडच्या नोंदींत दिसत नाही.

यानंतरचा प्रश्न जातीचा. गलतीकरांच्या पत्रात पौल लिहितो की ख्रिस्तात बाप्तिस्मा घेतलेल्या तुम्ही ख्रिस्ताला परिधान केले आहे, आणि आता यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री असा भेद राहिलेला नाही. आमच्या मिशन कंपाउंडांत हे वचन भिंतीवर रंगवलेले सापडेल, आणि त्याच भिंतीखाली बसून सोयरिकीत "मूळचे कोण?" हे विचारले जाते. महार मुळाची ख्रिस्ती घरे आणि मांग मुळाची ख्रिस्ती घरे यांच्यात आजही लग्न होते तेव्हा त्याची चर्चा होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, तेव्हा बावीस प्रतिज्ञांत काय सोडायचे ते एकेक करून उच्चारून घेतले. आमच्या बाप्तिस्म्याच्या विधीतही सैतान आणि त्याची सर्व कामे नाकारण्याचा प्रश्न आहे, पण त्या सर्व कामांत जात येते, असे स्पष्ट विचारणारा पाळक मला भेटलेला नाही. शेजारच्या बौद्ध मित्रांकडून आम्ही घेण्यासारखी ही गोष्ट आहे, हे म्हटले की आमच्यातील काहींना राग येतो.

कायद्याने या गोष्टीत एक विलक्षण उलटापालट करून ठेवली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा, पंजाबाकडील काही शीख जाती सोडल्या तर, आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा भेद काढून टाकण्याची शिफारस केली, आणि २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी आणखी एक आयोग नेमला गेला. यामुळे सरकारी दफ्तरात बाप्तिस्मा ही अध्यात्माची गोष्ट उरलेली नसून पुराव्याची झाली आहे. अमरावतीच्या जात पडताळणी समितीने एका विद्यार्थिनीचा महार जातीचा दावा नाकारला, कारण चौकशीत तिच्या घरात येशूची तसबीर आढळली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने घरात तसबीर असली म्हणून धर्म बदलला असे होत नाही, असे सांगून तो निर्णय रद्द केला. उलट नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा दावा फेटाळताना तिचा बालपणी झालेला बाप्तिस्मा आणि तिचे नियमित चर्चला जाणे लक्षात घेतले, आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे म्हणणे ही संविधानाशी फसवणूक ठरवली. भिंतीवरच्या ख्रिस्ताने काही बिघडत नाही. रजिस्टरमधल्या ख्रिस्ताने बिघडते.

तो दर्जा ख्रिस्ती दलितांना मिळावा ही मागणी मला न्याय्य वाटते, कारण ज्या गावात पाणवठा वेगळा होता त्या गावाने बाप्तिस्म्याचा दाखला पाहून पाणवठा एक केला नाही. पण ही मागणी करताना आपण काय साक्ष देतो आहोत, ते आम्ही समजून घेतले पाहिजे. आयोगापुढे आम्ही सांगतो की जात चर्चमध्येही जिवंत आहे, आणि रविवारी उपासनेत सांगतो की बाप्तिस्म्यात ती बुडाली. पहिले विधान पुराव्यानिशी खरे आहे. दुसरे खरे करणे हे सरकारचे काम नाही, मंडळीचे आहे, आणि ते आम्ही गेल्या सव्वाशे वर्षांत केलेले नाही. कायद्याने आमची सवलत काढून घेतली, आणि जात आम्ही स्वतःच सांभाळून ठेवली.

या सगळ्याचा भार शेवटी कोणावर पडतो, हे मी एका उदाहरणाने सांगतो. आमच्या मंडळीत एक आजी होत्या. वीस-बावीस वर्षे त्या दर रविवारी दुसऱ्या गावाहून चालत येत. निंदणाच्या दिवसांतही त्यांची जागा रिकामी दिसली नाही. कोणी आजारी पडले की पाळकसाहेबांच्या आधी त्या पोचत. रोमच्या त्या जुन्या ग्रंथातील प्रश्न त्यांना विचारले असते, तर आमच्यापैकी कोणाहीपेक्षा त्यांचे उत्तर बरे निघाले असते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. पाळकसाहेबांनी विचारले की म्हणायच्या, "नातवाचं शिक्षन होऊ द्या सायेब, मंग मले पान्यात घाला." नातू नर्सिंगला होता आणि त्याच्या जातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी बाकी होती, घरात कोणाच्या नावापुढे बाप्तिस्म्याची नोंद झाली तर त्याचे पुढे काय होईल याची त्यांना भीती होती, आणि ती भीती निराधार होती असे वर सांगितलेले निकाल वाचून मी म्हणू शकत नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीने भाकर वाटून घेण्याच्या, वेळी त्या मागच्या बाकावर हात जोडून बसत आणि भाकर पुढे सरकू देत.

आजी पावसाळ्यात वारल्या. घरच्यांची इच्छा होती की त्यांना आमच्या कबरस्थानात पुरावे. पंचांची बैठक बसली आणि नियम वाचून दाखवण्यात आला की कबरस्थान मंडळीच्या बाप्तिस्माप्राप्त सभासदांसाठी आहे. रोमकरांच्या पत्रातील सहावा अध्याय, ज्यात बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे असे म्हटले आहे, त्या बैठकीत कोणाला आठवला नाही. ३९२ साली तरुण रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याआधीच मरण पावला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीत मिलानचे बिशप अँब्रोज यांनी सांगितले की त्याने जे मागितले होते ते त्याला मिळाले आहे, त्याची इच्छाच त्याच्या उपयोगी पडली. पश्चिमेच्या चर्चने पुढे या विचाराला इच्छेचा बाप्तिस्मा असे नाव दिले. सम्राटासाठी जे सापडले ते शेतमजूर बाईसाठी सापडू नये, असे काही त्या शिकवणीत नाही. कवी नारायण वामन टिळक, ज्यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत बायबलची पहिली ओळख झाली आणि ज्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ उभारला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा ठेवली होती. टिळकांना बाप्तिस्म्याची किंमत कळत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी त्यासाठी घर, नाते आणि समाज गमावला होता. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला दार कोणी लावून घेतले आहे, हे त्यांना दिसत होते.

नियम वाचून झाल्यावर कोणी काही बोलले नाही. आजींना त्यांच्या मुलाने मक्त्याने केलेल्या वावराच्या धुऱ्यावर, निंबाखाली पुरले; पाळकसाहेब आले, प्रार्थना केली, पण अंगात झगा न घालता. चुलतभावाच्या मुलाला पुन्हा बाप्तिस्मा देणारी ती नवी संगती तिथे संपूर्ण आली होती आणि खड्डा त्यांच्या पोरांनी खणला.

बैठकीच्या इतिवृत्तावर चिटणीस म्हणून माझी सही आहे. उपासनेला सतत येणाऱ्या आणि बाप्तिस्म्याची इच्छा बोलून दाखवलेल्या कोणालाही कबरस्थानात जागा नाकारू नये, आणि प्रत्येक बालबाप्तिस्म्याच्या नोंदीतील साक्षीदाराने वर्षातून एकदा मंडळीपुढे उभे राहून त्या मुलाबद्दल सांगावे, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेसाठी लिहून दिला आहे. त्याला अनुमोदक लागतो. अजून कोणी सही केलेली नाही. चुलतभावाला विचारले, तर तो म्हणाला की कपाशीचा हंगाम आटोपला की सांगतो.